दुकानात काटा, माळावर नजर

मगरिबच्या अजानला तासभर असतो तेव्हा उपनगरांतल्या मटणाच्या दुकानांपुढची गर्दी सर्वात दाट असते. कुर्ला, गोवंडी, जोगेश्वरी, मालवणी, घाटकोपरचं चिराग नगर, कुठंही गेलं तरी चित्र एकच. रोजा ठेवलेली माणसं थकलेली असतात, पण डोळे काट्यावर असतात. नळी किती, चाप किती, चरबी काढली का, पायाचे चार तुकडे वेगळे बांधले का, याची चौकशी होते. पन्नास ग्रॅमवरून शब्दाला शब्द लागतो. काट्यावरचा लाल आकडा स्थिर झाल्याशिवाय कुणी नोट पुढं करत नाही. 2025 मध्ये धुळवड 14 मार्चला आली, तीही रमजानच्या दुसऱ्या जुम्म्याला. त्यामुळे त्या दिवशी एकाच रांगेत इफ्तारसाठी खिमा घेणारे आणि धुळवडीच्या रश्शासाठी पुढचा भाग मागणारे शेजारी-शेजारी उभे होते. दोघांचाही प्रश्न एकच, ‘बोकडाचंच आहे ना?’

त्या बोकडाला ज्या घरानं आठ-दहा महिने वाढवलं, त्या घराच्या वाट्याला मात्र हा काटा आलेला नसतो. माण, आटपाडी, सांगोला, भूम, परांडा, सिन्नर अशा कमी पावसाच्या मुलखात बोकड विकला जातो तो नजरेवर. व्यापारी पाठीच्या कण्यावरून हात फिरवतो, कमरेजवळ चिमटीत मांस धरून पाहतो, जनावर थोडं उचलून बघतो आणि आकडा सांगतो. कित्येक बाजारांत आजही रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या शेळीवाल्यालासुद्धा कळू नये, की पहिल्याचा बोकड कितीला गेला. आपल्याकडे म्हण आहे, शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. पण या दोघांच्या मध्ये शेळी पाळणाराही आहे, हे म्हणीच्याही लक्षात आलेलं दिसत नाही.

नजरेच्या सौद्यात नुकसान किती होतं? समजा बोकड भरला 30 किलो आणि व्यापाऱ्यानं धरला 27. जिवंत वजनाचा भाव किलोला 350 रुपये मानला, तर एका बोकडामागे हजार-पन्नास रुपये गेले. वर्षाला चार बोकड विकणाऱ्या घरात ही रक्कम चार हजारांच्या वर जाते. कोरडवाहू गावातल्या कुटुंबासाठी हा मुलांच्या शाळेचा वर्षाचा खर्च आहे. व्यापारी रोज शंभर जनावरांना हात लावतो, त्याचा अंदाज सहसा चुकत नाही, आणि चुकला तरी तो स्वतःच्या बाजूनंच चुकतो. शेळी पाळणारी बाई वर्षातून तीन-चार वेळा विकते. तिच्या अंदाजाला सराव कुठून येणार?

‘बाई’ हा शब्द इथं मुद्दाम वापरला आहे. शेळ्या चारणं, पाला तोडून आणणं, करडाला बाटलीनं दूध पाजणं, रात्री व्यालेल्या शेळीपाशी बसणं हे बहुतेक घरांत बायकांचं काम. विकायची वेळ आली की दोरी घरातल्या पुरुषाच्या हातात जाते. बाजार लांब, टेम्पो पहाटेचा आणि सौदा पुरुषांच्या घोळक्यातला. पैसे घरी येईपर्यंत त्यातले किती उरतात, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न.

महाराष्ट्रात शेळ्या थोड्याथोडक्या नाहीत. 2019 च्या पशुगणनेत राज्यात सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या आणि 27 लाखांच्या आसपास मेंढ्या मोजल्या गेल्या. देशभरात शेळ्यांची संख्या जवळपास 14 कोटी 89 लाख होती. धाराशिव-लातूर पट्ट्यातली काळी, हमखास जुळी देणारी उस्मानाबादी, नगर-नाशिककडची संगमनेरी, विदर्भातली बेरारी, कोकणातली कन्याळ अशा राज्याच्या स्वतःच्या जाती आहेत. आणि दारात मुंबईसारखं गिऱ्हाईक आहे. तरीही देवनारच्या बाजारात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून भरलेले ट्रक उतरतात, आणि दीड-दोनशे कोसांवरच्या आपल्याच शेतकऱ्याचा बोकड तिथं पोहोचेपर्यंत दोन-तीन हातांतून गेलेला असतो.

देवनारचा महापालिकेचा कत्तलखाना 1971 चा. गोवंडी-चेंबूरच्या बाजूला, 64 एकरांवर पसरलेला. त्याच आवारात शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो. कत्तलीआधी महापालिकेचे पशुवैद्य जनावर तपासतात, नंतर मांसावर शिक्का बसतो आणि पहाटेच माल गाड्यांतून मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या दुकानांत जातो. बकरी ईदच्या आधीच्या पंधरवड्यात इथं दोन लाखांच्या आसपास जनावरं येतात. पावसात चिखल, ताडपत्र्या, कंदिलासारखे टांगलेले बल्ब आणि रात्रभर चालणारी घासाघीस असं तेव्हा एक तात्पुरतं गावच वसतं. रमजानमध्ये जत्रा नसते, पण महिनाभर रोजची मागणी चढती राहते. खिमा, पाया, नळी, हलीमसाठी बिनहाडाचं. बकरी ईदला जनावराचं रूप विकलं जातं, रमजानमध्ये निव्वळ मांस. म्हणूनच खरं तर रमजानचा सौदा वजनावर करायला सर्वात सोपा.

या बाजारात लहान शेतकरी का पोहोचत नाही? चार बोकडांसाठी धाराशिवहून देवनारपर्यंत टेम्पो परवडत नाही. वाटेत जनावर पाणी-चारा सोडतं, ताण घेतं आणि वजन उतरतं. बाजारात उतरल्यावर ओळखीचा दलाल नसेल तर जनावर उभंच राहतं. त्या दिवशी विकलं गेलं नाही तर मुंबईत चाऱ्याचा आणि मुक्कामाचा खर्च अंगावर येतो. परतीच्या भाड्याचा विचार मनात आला, की मिळेल त्या भावाला दोरी सोडायची वेळ येते. व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं.

दलालाला नुसत्या शिव्या देऊन भागत नाही, हेही इथं सांगितलं पाहिजे. दुकानदाराला उधार तो देतो, बुडालेली उधारी तो सोसतो, वाटेत मेलेलं जनावर बऱ्याचदा त्याच्याच खात्यावर पडतं आणि गावातल्या माणसाला अडीअडचणीला रोख रक्कमही तोच पुढं करतो. कुरेशी असो की हिंदू खाटीक, या धंद्यातल्या पिढीजात घरांचं जनावराचं ज्ञान कुठल्याही पदवीपेक्षा कमी नाही. दलाल करतो ते काम खरं आहे. त्या कामाची किंमत कुठं लिहिलेली नसते, आणि ती परस्पर शेळीवाल्याच्या भावातून वजा होते, हे दुखणं आहे.

इस्लामच्या व्यापारनीतीत या दुखण्याला जुनं नाव आहे. मदिनेच्या बाजारात वाळवंटातल्या टोळ्या जनावरं आणि धान्य घेऊन येत. शहरातले काही चलाख व्यापारी बाजाराच्या बाहेर, वाटेवरच त्यांना गाठत आणि भाव कळायच्या आत माल उतरवून घेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी याला मनाई केली. ‘तलक्की अल-रुकबान’, म्हणजे काफिल्याला वाटेत गाठणं, या नावानं फिकहच्या ग्रंथांत हा विषय येतो. असा सौदा झालाच, तर विकणाऱ्याला बाजारात पोहोचून खरा भाव कळल्यावर तो मोडण्याचा हक्क आहे, असंही हदीसमध्ये आहे. खुद्द प्रेषितांनी तरुणपणी मक्केच्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या चारल्या होत्या, हे लक्षात घेतलं की या नियमामागचा अनुभव कुठला असेल ते उमगतं. कुरआनचा 83 वा अध्याय ‘अल-मुतफ्फिफीन’ याच्या नावातच मापात खोट करणारे आहेत. देताना कमी मोजणारा आणि घेताना पुरेपूर मोजून घेणारा, या दोन्ही चाली एकाच माणसाच्या असतात, याकडे तो बोट दाखवतो. दुकानात काटा आणि माळावर नजर, ही आजची व्यवस्था त्या मोजमापात कुठं बसते, ते रमजानमध्ये तरी विचारायला हवं.

काफिल्याला वाटेत गाठण्याचा प्रकार पाहायचा तर अरबस्तानात जायची गरज नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे मेंढ्या, घोडी, कोंबड्या आणि बिऱ्हाड घेऊन माणदेशातून, पारनेर-संगमनेरकडून खाली उतरतात. कुणी कोकणात, कुणी पुणे-ठाण्याच्या कडेनं. वाटेत शेतात मेंढ्या बसवून खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, ही जुनी रीत. लोकरीला आता भाव राहिलेला नाही. घोंगडी मागणारा कमी झाला आणि कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही. त्यामुळे मेंढपाळाचं सगळं गणित तीन-चार महिन्यांच्या नर कोकरांवर आलं आहे. ही कोकरं घ्यायला व्यापारी थेट वाड्यावर येतो. मेंढपाळ उद्या कुठं असेल हे त्याला माहीत, आज चाऱ्यासाठी किंवा आजारपणासाठी पैसे हवेत हेही माहीत. मेंढपाळाला मात्र देवनारचा आजचा भाव माहीत नसतो. हल्ली खिशात मोबाइल असतो, भाव विचारता येतो, पण भाव कळून जनावर पोहोचवता येत नसेल तर कळण्याचा उपयोग तेवढ्यापुरताच.

मुंबईनं हा प्रश्न एकदा दुसऱ्या एका जिनसेच्या बाबतीत सोडवून दाखवला आहे. दुधाच्या. गोरेगावची आरे कॉलनी 1949 मध्ये उभी राहिली ती शहरातले गोठे बाहेर काढून मुंबईला भेसळ नसलेलं दूध मिळावं म्हणून. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर 1946 मध्ये, गुजरातमधल्या आणंदला खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ नोंदला गेला आणि 1948 पासून त्याचं दूध बॉम्बे मिल्क स्कीमसाठी येऊ लागलं. तिथून पुढचा अमूलचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. त्या इतिहासात एक छोटी नळी फार महत्त्वाची होती, ती म्हणजे दुधातलं फॅट मोजणारी. गावच्या केंद्रावर दोन म्हशी असलेल्या बाईच्या दुधाचंही फॅट मोजलं जायचं आणि त्यावर भाव ठरायचा. मोजता आलं म्हणून भाव सांगता आला, आणि भाव सांगता आला म्हणून विश्वास बसला.

शेळीच्या बाबतीत ती नळी म्हणजे साधा टांगता काटा. काही हजारांत येणारा. जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडं कमी मांस निघतं, हे दुकानदारालाही माहीत आणि कसायालाही. मग जिवंत वजनावर भाव बांधणं अवघड का जावं? उत्तर असं, की दूध रोज निघतं आणि बोकड वर्षाला एकदा. रोज संध्याकाळी केंद्रावर जाणाऱ्या बाईला संघ आपला वाटतो. वर्षात दोनदा काट्यापाशी येणाऱ्या बाईला अडचणीच्या दिवशी दारात रोख घेऊन उभा राहणारा व्यापारीच जवळचा वाटतो. शेळीला गरिबाचं एटीएम म्हणतात ते कौतुकानं, पण एटीएममधून पैसे काढायची वेळ बाजार ठरवत नाही, गरज ठरवते. मुलीचं बाळंतपण, जूनमधलं शाळेचं साहित्य, पेरणीचं बियाणं. गरज म्हणेल तेव्हा विकलेलं जनावर स्वस्तच जातं.

म्हणून ज्यांनी हे काम खरोखर हातात घेतलं त्यांनी सुरुवात विक्रीपासून केली नाही. माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशननं आधी बायकांची बँक उभी केली. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढं गावोगाव फिरून शेळ्यांचं कृत्रिम रेतन आणि प्रथमोपचार करणाऱ्या बायका तयार झाल्या. लोक त्यांना शेळ्यांच्या डॉक्टर म्हणू लागले. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था 1968 पासून काम करते आहे. बंगालच्या सुंदरबनातल्या छोट्या गारोळ मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून तिथं ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. डॉ. चंदा निंबकर यांनी हे काम वर्षानुवर्षं पुढं नेलं. एका कोकराऐवजी दोन, म्हणजे त्याच माळावर, तेवढ्याच पायपिटीत जवळपास दुप्पट माल.

सिन्नरला युवा मित्र संस्थेच्या पुढाकारानं सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं शेळीपालक महिलांची उत्पादक कंपनी उभी राहिली. कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं ही सोय आली. किमान दहा उत्पादक एकत्र आले की स्वतःची कंपनी काढू शकतात आणि मालकी त्यांचीच राहते. अशा कंपनीचं खरं काम दिसायला रुक्ष आहे. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस वेळेवर टोचणं, जंताचं औषध पाजणं, कानात बारा आकडी बिल्ला मारणं, जन्मतारीख लिहिणं. करडं मरायची थांबली की विकायला माल उरतो, हे पहिलं. आणि चाळीस घरांचे मिळून सत्तर बोकड एका वयाचे, एका अंगाचे, लस टोचलेले असले की ट्रक गावात बोलावता येतो, हे दुसरं. मग भाडं सत्तरांत वाटलं जातं. आणि फोनवर भाव ठरवताना समोरचा दलालही वेगळ्या सुरात बोलतो.

सरकारी योजनाही आहेत. पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळामार्फत राबवली जाणारी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 शेळ्या आणि 5 बोकडांच्या गटापासून पुढं मोठ्या प्रकल्पांना निम्मं अनुदान मिळतं. पण बहुतेक योजनांचा पैसा जनावर विकत घेण्यापाशी संपतो. जनावर विकलं कसं जाईल, हा रकाना अर्जात छोटा असतो. आणि शंभर शेळ्यांचा गोठा बांधू शकणारा माणूस आणि चार शेळ्या दावणीला असलेली विधवा बाई, यांच्या बाजाराच्या अडचणी एकसारख्या नसतात.

एकाच बाजारावर अवलंबून राहण्याची किंमत 2020 मध्ये कळली. त्या वर्षी 1 ऑगस्टला बकरी ईद होती. करोनामुळे राज्य सरकारनं जनावरांचे बाजार बंद ठेवले, नागरिकांनी ऑनलाइन किंवा फोनवरून जनावर घ्यावं आणि शक्यतो प्रतीकात्मक कुर्बानी करावी अशा सूचना दिल्या. वर्षभर ईदसाठी सांभाळलेले बोकड दावणीलाच राहिले. त्या आठवड्यांत ज्यांची मुंबईतल्या गिऱ्हाइकाशी थेट ओळख होती त्यांनी फोटो आणि व्हिडिओ पाठवून जनावरं विकली. ज्यांची नव्हती ते हेड्याच्या, म्हणजे गावात फिरणाऱ्या व्यापाऱ्याच्या, हाती गेले. त्यानंतर वजन आणि दातांच्या फोटोसह जनावर विकण्याची रीत उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये हळूहळू रुळली. तिथंही फसवाफसवी होतेच. फोटोतला बोकड आणि दारात उतरलेला बोकड यांत फरक पडतो. पण काट्याचा फोटो मागायची सवय लागली, हे थोडं नाही.

कालगणनेचाही एक पेच आहे, आणि तो शेळी पाळणाऱ्याला नीट समजावून सांगणारे फार थोडे. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2025 मध्ये 2 मार्चला रोजे सुरू झाले. 2030 मध्ये तर रमजान दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. मागणी सरकते, पण शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचाच राहतो. मार्चमध्ये आठ-दहा महिन्यांचा बोकड हवा असेल, तर तो आदल्या वर्षीच्या मे ते जुलैमध्ये जन्मलेला हवा आणि शेळी त्याआधीच्या डिसेंबर-फेब्रुवारीत भरवलेली हवी. म्हणजे करडं ऐन उन्हाळ्यात किंवा पहिल्या पावसात. उन्हाळ्यात शेळीला पाला नाही म्हणून दूध कमी, पावसात करडांना फुप्फुसाचा दाह. जसजसा रमजान हिवाळ्यात शिरेल तसतशी ही वेळ आणखी बदलेल. 2025 मध्ये बकरी ईद जूनच्या पहिल्या आठवड्यात आली, म्हणजे शाळा आणि पेरणीच्या खर्चाच्या तोंडावर. गरज आणि भाव एकाच वेळी चढण्याचा हा योग दोन-तीन वर्षांचाच. 2030 पर्यंत ती ईद एप्रिलच्या मध्यावर गेलेली असेल.

रमजान हा जकातीचाही महिना. जनावरांच्या जकातीचा हिशेब शरीयतमध्ये वेगळा आहे. माळावर चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्या 40 असतील तर एक, 121 झाल्या की दोन, 201 झाल्या की तीन. चाळीसच्या आत कळप असलेल्यावर जकात नाही. महाराष्ट्रातली बहुतेक शेळीवाली घरं या चाळीसच्या आतली आहेत. मुंबईच्या उपनगरांत काही मशिदींच्या आणि मोहल्ल्यांच्या समित्या जकातीतून शिलाई मशीन देतात, हातगाडी देतात. गावाकडच्या गरजू घराला दोन पाटी घेऊन देणं त्याच रांगेत बसतं. आणि ज्यांना जकात लागू होत नाही त्या शेजारच्या धनगर किंवा मराठा बाईच्या शेळ्यांनाही त्याच गटाच्या काट्याचा, त्याच लसीकरणाचा, त्याच ट्रकचा फायदा मिळतो. रोगाला आणि ट्रकच्या भाड्याला जात-धर्म कळत नाही.

शहरातल्या गिऱ्हाइकाला यात करण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारेल. शिक्क्याचं मटण घेणं ही एक गोष्ट, कारण तपासणीतून गेलेला माल म्हणजे नोंद असलेला माल. कुर्बानीसाठी गट करून घेणाऱ्या सोसायट्यांना दुसरीही गोष्ट करता येते. ईदच्या आदल्या आठवड्यात देवनारला धावण्याऐवजी सहा महिने आधी एखाद्या उत्पादक कंपनीशी बोलून, किलोचा भाव आणि थोडी आगाऊ रक्कम ठरवून ठेवायची. भाव पडला तर गिऱ्हाइकाला थोडं महाग पडेल, चढला तर शेतकऱ्याला थोडं कमी मिळेल, पण दोघांनाही झोप लागेल. मुलुंड-भांडुपच्या ज्या घरांत आषाढी अमावस्येच्या गटारीला चार कुटुंबं मिळून वाटा घेतात, त्यांनाही हेच लागू आहे.

कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं. मेंढी सहा महिन्यांची असूनही वर्षाची वाटण्याइतकी भरलेली असेल तर चालते. 2026 ची बकरी ईद मेच्या अखेरीस. तिच्यासाठीचा बोकड 2025 च्या रमजानमध्येच जन्मला. माणदेशात, भूम-परांड्यात, सिन्नरच्या माळावर तेव्हा ज्या शेळ्या व्याल्या त्यांची नर करडं या ईदला चौदा महिन्यांची. जन्मतारखेची नोंद, कानातला बिल्ला आणि पहिली लस, ही कामं ईदच्या चाँदरातीला करता येत नाहीत. ती जन्मानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातच व्हायला हवीत.